वर्गप्रमुख लंकेत

आमच्या गावाचं नाव परगावच्या माणसाला सांगणं हे एक स्वतंत्र काम आहे. 'पिपरी' म्हटलं की पुण्याकडचा माणूस "म्हणजे चिंचवडशेजारची ना?" असं विचारतो. 'मेघे' म्हटलं की नागपूरकडचा माणूस "मेघ्यांच्या घरचे का तुम्ही?" म्हणून आदरानं खुर्ची पुढे करतो. वर्ध्याला चिकटून सावंगी मेघे, सिंदी मेघे, बोरगाव मेघे आणि पिपरी मेघे अशी गावं आहेत. मी त्यातल्या शेवटच्या गावात राहतो आणि माझा मेघ्यांशी संबंध टपालाच्या पत्त्यापुरता आहे. पण खुर्ची पुढे केली की मी बसतो. बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला पुढे आलेली खुर्ची सोडवत नाही.

वर्गप्रमुखाची खुर्चीही अशीच पुढे आली.

आमच्याकडे दर गुरुवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळामागच्या खोलीत वाचनाचं मंडळ भरतं. वाचतात ते निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना आम्ही सगळे गुरुजी म्हणतो. ऐकतात ते बाकीचे अकरा जण. मी त्यातला सगळ्यात लहान, म्हणजे सत्तेचाळीस वर्षांचा, आणि बी.कॉम. असल्यामुळे आपोआप खजिनदार. ज्ञानेश्वरी झाली, गीताई झाली. गीताई तर आमच्या घरचीच. गोपुरीला ती दगडांवर कोरून उभी केलेली आहे, आणि आमच्यातले दोघेतिघे संध्याकाळी फिरायला जाताना एकेक अध्याय चालून येतात. मग गुरुजींनी धर्मानंद कोसंबींचं 'भगवान बुद्ध' काढलं. आपण बुद्धावरचं पुस्तक वाचतो आहोत याचा मंडळाला त्या काळात फार अभिमान वाटत असे. "आमचं मंडळ काही फक्त टाळ कुटणारं नाही," असं आम्ही येता-जाता लोकांना ऐकवत असू.

इथे थोडं विषयांतर. असे वर्ग चालवणं किती अवघड असतं, हे वर्धेकरांइतकं कुणाला माहीत नसेल. विनोबांनी १९३२ साली गीतेवर जी प्रवचनं दिली, ती धुळ्याच्या तुरुंगात. दर रविवारी एक अध्याय, आणि उतरवून घ्यायला साने गुरुजी. त्या वर्गाचं मी नेहमी कौतुक करतो. एक तर लिहून घेणारा असा माणूस पुन्हा मिळणार नाही, आणि दुसरं म्हणजे श्रोत्यांची उपस्थिती शंभर टक्के. आमच्याकडे क्रिकेटचा सामना असला की अर्जुनाला विषाद सांगायला तिघेच उरतात.

दुसरा अवघड वर्ग जपान्यांचा. १९३३ साली निचिदात्सु फुजी नावाचे जपानी भिक्षू वर्ध्याला गांधीजींना भेटायला आले. त्यांचे लोक पुढे इथल्या आश्रमात राहिले. हातात पंख्यासारखी डफली, तिच्यावर टिपरी मारायची आणि मंत्र म्हणत चालायचं, हा त्यांचा धर्माचरणाचा प्रकार. आश्रमात पहाटे चारला उठणारी माणसं, त्यात ही डफली! सुरुवातीला सगळ्यांना ती गोड वाटली असेल असं मला वाटत नाही. पण त्यांचा मंत्र शेवटी गांधीजींच्या प्रार्थनेत जाऊन बसला, आणि गोपुरीला गीताईच्या शेजारी त्यांचा शांतिस्तूप उभा राहिला. परदेशात जाऊन धर्म सांगणाऱ्यानं कसं चिवट असावं, याचा नमुना आमच्या दारातच होता. मी त्यातून काही शिकलो नाही, हा भाग वेगळा.

तर 'भगवान बुद्ध' संपलं त्या गुरुवारी गुरुजी म्हणाले, "कोसंबी जिथे पाली शिकले, ते कोलंबोचं विद्यापीठ आपण पाहून येऊ या." सगळ्यांनी माना हलवल्या. मंडळात माना हलवायला पैसे पडत नाहीत. पण गुरुजींनी खरोखरच पासपोर्ट काढायला लावले. विमानाची तिकिटं झाली. २०१८ च्या जानेवारीअखेर निघायचं ठरलं. आणि निघायच्या सहा दिवस आधी गुरुजी अंगणातल्या पायरीवरून घसरले आणि गुडघ्याला प्लास्टर घालून बसले.

"आता तुम्हीच घेऊन जा," ते मला म्हणाले.

"मी? गुरुजी, मला त्यातलं काय कळतं?"

"हिशेब तर कळतो ना. बाकी मी लिहून देतो."

त्यांनी खरंच चार पानं लिहून दिली. त्यात कोसंबींचं चरित्र, विद्योदयाचा इतिहास, आणि शेवटी त्रिसरण, पंचशील. ती पानं मी घडी करून पँटच्या खिशात ठेवली. कोणत्या पँटच्या, याला पुढे महत्त्व येणार आहे.

आता ते चरित्र. मी नागपूर ते चेन्नई आणि चेन्नई ते कोलंबो अशा दोन्ही विमानांत ते वाचत होतो, आणि जितकं वाचावं तितकं मला माझंच हसू येत होतं.

धर्मानंद गोव्यातल्या सांखवळचे. जन्म १८७६ चा. शाळा जवळजवळ नाहीच. 'बालबोध' मासिकात आलेलं बुद्धाचं चरित्र त्यांनी वाचलं आणि त्यांच्या डोक्यात ते बसलं. लहान मुलांच्या मासिकातला एक लेख. आपण काय काय वाचून विसरतो! १८९९ च्या अखेरीला, तेविसाव्या वर्षी, घरी बायको आणि तान्ही मुलगी ठेवून हा माणूस संस्कृत शिकायला बाहेर पडला. पुण्यात डॉक्टर भांडारकरांना भेटला, मग ग्वाल्हेर, मग काशी. काशीला अन्नछत्रात जेवून व्याकरण शिकला. बुद्धाचा धर्म जिवंत कुठे आहे म्हणून १९०२ साली नेपाळात गेला, तिथे जे पाहिलं त्यानं निराश झाला, बुद्धगयेला आला. तिथे कळलं की सिंहलद्वीपाला जा. मग कलकत्ता, मद्रास करत कोलंबोला पोचला. या सगळ्यात कुणी आधी खोली राखून ठेवली नव्हती, आणि खिशात पैसे बहुधा नसतच.

मी चार दिवसांच्या प्रवासाला निघालो तर माझ्या बायकोनं मला चौदा सूचना दिल्या होत्या आणि थालीपिठाची भाजणी बांधून दिली होती. घर सोडून जाण्याबद्दल मला कोसंबींचं कौतुक करवत नाही. बाळाबाईंनी मागे काय काढलं असेल ते त्यांनाच ठाऊक. पण तेही खरं आणि हेही खरं.

कोलंबोच्या विमानतळावर उतरलो ती तीस जानेवारीची संध्याकाळ. इथे माझ्यातला बँकवाला जागा झाला. पैसे बदलून देणाऱ्या खिडक्यांवरचे भाव मी एकेक करून पाहिले आणि नाक मुरडलं. आपल्या एका रुपयाला तिकडचे जवळजवळ अडीच मिळायला हवेत, आणि हे लोक मधले पैसे कापत होते. "विमानतळावर कधी बदलायचे नसतात," मी मंडळाला समजावून सांगितलं. "उद्या सकाळी शहरात बँकेत जाऊ. मी बोलतो त्यांच्याशी." गाडीभाड्यापुरते तेवढे बदलले. मंडळानं माझ्याकडे आदरानं पाहिलं. तो आदर एकूण तेरा तास टिकला.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला सुट्टी असते. पोया म्हणतात. बँका बंद, कचेऱ्या बंद, दारूची दुकानं बंद. वर्षाला बारा, कधी तेरा पौर्णिमा, आणि त्या सगळ्या बँकेच्या सुट्ट्या! वीस वर्षं बँकेत काढून, प्रत्येक वेतनकराराच्या वेळी सुट्ट्यांवर भाषणं ऐकून, ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. बंद दारासमोर मी क्षणभर भक्तिभावानं उभा राहिलो. आमच्या युनियननं आजवर कुणाकुणाच्या तसबिरी लावल्या. बुद्धाची लावायला हवी होती, असं मला वाटून गेलं.

"मग आता?" पोस्टातून निवृत्त झालेले काका म्हणाले.

"मशीनमधून काढू," असं म्हणून मी कार्ड घातलं. कार्ड बाहेर आलं. पुन्हा घातलं, पुन्हा आलं. परदेशात चालण्यासाठी ते आधी सुरू करून घ्यावं लागतं. हे वाक्य मी काउंटरवर बसून आजवर निदान हजार जणांना सांगितलेलं आहे.

मंडळानं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात आदर नव्हता. शेवटी सगळ्यात मागे उभ्या असलेल्या सिस्टर पुढे आल्या, पिशवीतून रुमालाची गाठ काढली आणि म्हणाल्या, "भाऊ, मी काल इमानतळावर थोडे बदलून घेतले होते. भाव थोडा कमी भेटला, पण म्हटलं असू दे जवळ."

सिस्टर म्हणजे निवृत्त परिचारिका. मंडळात त्या चार वर्षांपासून येत. दाराजवळच्या सतरंजीवर बसत. चहाची किटली दाराजवळच असे, तेव्हा चहाही त्याच देत. यापलीकडे त्यांच्याविषयी मला माहिती नव्हती. त्यांच्या पैशांवर अकरा माणसांचा तो दिवस निघाला, आणि वहीत मी 'सिस्टर यांजकडून उसने' अशी नोंद केली.

त्याआधी सकाळी न्याहारीचा एक प्रसंग झाला होता. टेबलावर खवलेल्या नारळाची लालभडक चटणी होती. तिला तिकडे पोल संबोल म्हणतात. पोस्टातल्या काकांनी ती खाल्ली आणि त्यांचे डोळे भरून आले. "राजेहो, ही चटणी म्हणजे चटणी आहे! काहून आपल्याकडे नाई करत कोणी?" त्यांनी तीनदा घेतली. काका म्हणजे कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात न शिवणारे. मी कौतुकानं आचाऱ्याला विचारायला गेलो की यात काय काय घालता. त्यानं आनंदानं यादी सांगितली : नारळ, मिरची, कांदा, लिंबू आणि उंबलकड. उंबलकड म्हणजे काय म्हणून विचारलं तर त्यानं बरणीच उघडून दाखवली. मालदीवकडचा वाळवलेला मासा, लाकडासारखा कडक, कुटून घातलेला.

मी टेबलाशी परत आलो. काका चौथ्यांदा घेत होते.

आता सांगा, वर्गप्रमुखानं अशा वेळी काय करावं? सांगितलं असतं तर काकांनी उरलेले तीन दिवस खोलीत बसून प्रायश्चित्त घेतलं असतं. मी खुर्चीवर बसलो आणि गुरुजींच्या टिपणातलं पुढचं पान मनात घोळवलं. कोसंबींचेही लंकेत जेवणाचेच हाल झाले होते. विद्योदयात ते श्रामणेर झाले. भिक्षेला जे येईल ते खायचं, आणि त्या देशात येणार काय तर हेच. सारस्वताच्या घरचा मुलगा असूनही ते जेवण त्यांच्या प्रकृतीला मानवलं नाही, आणि वर्षभराच्या आत त्यांना ते बेट सोडावं लागलं. पुढे ते ब्रह्मदेशात गेले. तिथे सगाईंगच्या डोंगरात ध्यान शिकायला त्यांच्या जोडीला न्यानतिलोक नावाचे भिक्षू होते, आणि हे न्यानतिलोक मूळचे जर्मनीतले व्हायोलिन वाजवणारे. एक गोवेकर आणि एक जर्मन, ब्रह्मी गुरूसमोर, पालीत बोलताहेत. माझ्याबरोबर तर सगळे वर्धेकर होते, आणि त्यांचंही मला धड सांभाळता येत नव्हतं.

मंडळात फक्त एका आजीचा नेम त्या दिवशी शाबूत राहिला, कारण त्यांनी काहीच खाल्लं नव्हतं. संध्याकाळी खग्रास चंद्रग्रहण होतं आणि त्यांनी सकाळपासून वेध धरले होते. "लंकेतही लागतं का ग्रहण?" असं मी भीत भीत विचारलं. त्या म्हणाल्या, "चंद्र काय तुमच्या बँकेचा आहे, हद्दीबाहेर चालत नाही म्हणायला?" कार्डाची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

दहाच्या सुमारास आम्ही माळिगाकंदला पोचलो. विद्योदय परिवेण १८७३ साली हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांनी काढलं. पुढे १९५९ साली त्याच नावाचं विद्यापीठ झालं, पण हे मूळचं परिवेण जागच्या जागी आहे. पोया असल्यामुळे सगळा रस्ता पांढऱ्या कपड्यांनी भरलेला. लहान मुलं, म्हातारी माणसं, बायका, सगळे शुभ्र. त्यांच्यामध्ये आम्ही अकरा जण एकसारख्या केशरी टोप्या घालून. गर्दीत कुणी हरवू नये म्हणून त्या टोप्या मीच वर्ध्याच्या बाजारातून घाऊक भावानं आणल्या होत्या. आत शिरण्यापूर्वी टोप्या काढायच्या असतात, हे दारावरच्या माणसानं खुणेनं सांगितलं. टोप्या काढल्या. मग आमच्यातल्या दोघांनी मूर्तीसमोर उभं राहून फोटो काढायला सुरुवात केली. पाठ मूर्तीकडे, तोंड कॅमेऱ्याकडे. तसा फोटो तिथे काढायचा नसतो. तोच माणूस पुन्हा आला. या वेळी त्याची खूण जरा मोठी होती. मी सगळ्यांच्या वतीनं क्षमा मागितली. माझं इंग्रजी बँकेतलं. घाईत मी त्याला "काइंडली कंडोन द डिले" म्हणालो. त्यानं कंडोन केलं.

एका वृद्ध भिक्षूंनी आम्हाला आत बोलावलं. सावलीची ओसरी, खाली चटया. त्यांनी सावकाश इंग्रजीत विचारलं, "तुमचा प्रमुख कोण?" दहा बोटं माझ्याकडे वळली. त्यांनी मला अगदी समोर बसवलं.

"कोणता ग्रंथ वाचता?"

मी कोसंबींचं नाव घेतलं. ते हसले. 'विसुद्धिमग्ग' म्हणाले. मला बरं वाटलं. हा प्रश्न टिपणातला होता, आणि टिपण मला पाठ होतं. खरं तर त्यातला हा भाग मी सगळ्यात मन लावून वाचला होता, कारण त्यात हिशेब होता.

'विसुद्धिमग्ग' म्हणजे बुद्धघोषाचा पाली ग्रंथ. त्याची शुद्ध प्रत तयार करण्याचं काम अमेरिकेत वॉरन नावाच्या पंडितानं सुरू केलं आणि ते अर्धवट टाकून तो १८९९ साली वारला. पुढे ते काम पुरं करायला हार्वर्डनं कुणाला बोलावलं? कोणतीही पदवी नसलेल्या आमच्या धर्मानंदांना. १९१० साली ते गेले. त्याआधी त्यांनी कलकत्त्याची पगाराची नोकरी सोडून सयाजीराव गायकवाडांचे महिना पन्नास रुपये घेतले होते, कारण महाराष्ट्रात राहून मराठीत लिहायचं होतं. बँकेतल्या माणसानं हे वाक्य दोनदा वाचलं. पगार कमी व्हावा म्हणून अर्ज करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

हार्वर्डला दोन वर्षं खपून काम जवळजवळ झालं, आणि प्राध्यापक लॅनमन यांच्याशी खटका उडाला तो पहिल्या पानावरून. पुस्तकाच्या पहिल्या पानावर नाव कुणाचं आणि कसं छापायचं? धर्मानंद १९१२ साली परत आले आणि फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले. पण काम सोडवेना. १९१८ साली पुन्हा गेले, १९२६ साली पुन्हा, १९३१ साली पुन्हा. मधे १९२९ साली लेनिनग्राडला पाली शिकवून आले, आणि १९३० साली शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात पकडले गेले. शेवटी १९४० साली मुंबईत भारतीय विद्या भवनानं त्यांची नागरी लिपीतली प्रत काढली. हार्वर्डची निघाली १९५० साली. तिच्यावर संपादक म्हणून वॉरन, आणि सुधारणारे म्हणून धर्मानंद कोसंबी. तोवर वॉरनना जाऊन एक्कावन्न वर्षं झाली होती आणि कोसंबींना तीन.

एवढं सगळं मी त्या भिक्षूंना मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, आणि भरात येऊन पुढे म्हणालो, "ते आमच्या गावाजवळच वारले. सेवाग्रामला. ४ जून १९४७."

"कशानं?"

"उपवासानं. शरीर थकलं होतं, दुसऱ्यांवर भार नको म्हणून त्यांनी अन्न सोडलं. गांधीजी तेव्हा दिल्लीत होते."

भिक्षू थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी सहज विचारलं, "ती जागा कशी आहे? तुम्ही तर शेजारीच राहता."

वाचकहो, पिपरी मेघेहून सेवाग्राम म्हणजे स्कूटरवर वीस-पंचवीस मिनिटं. मी आजवर पाहुण्यांना घेऊन तिथे निदान चाळीस वेळा गेलो असेन. बापूकुटी दाखवतो, साप धरायची पेटी दाखवतो, व्हाइसरॉयशी बोलायला बसवून दिलेला टेलिफोन दाखवतो, आणि बाहेर उसाचा रस पाजून आणतो. धर्मानंदांचं नाव मी त्यातल्या एकाही फेरीत घेतलं नव्हतं. ते कोणत्या खोलीत होते, त्यांचं पाणी कोण देत होतं, कुठे दहन केलं, मी कधी कुणाला विचारलंच नव्हतं. दोन विमानं बदलून मी त्यांची शाळा पाहायला आलो होतो.

"मी नीट पाहिलेली नाही," मी म्हणालो. इंग्रजीत हे वाक्य फार लहान होतं.

ते काही बोलले नाहीत. मला वाटतं, त्यांनी मला सोडवण्यासाठीच विषय बदलला. म्हणाले, "आज पोया आहे. तुम्ही त्रिसरण म्हणायला सुरुवात करा. आम्ही मागून म्हणतो."

मी खिशात हात घातला. खिसा रिकामा. टिपण काल रात्रीच्या पँटमध्ये होतं आणि ती पँट हॉटेलात खुंटीला. मी हात जोडले. ओसरीत एव्हाना दहापंधरा पांढरे कपडेवाले जमले होते. मी पहिले दोन शब्द म्हणालो. तिसरा आठवेना. म्हणून पहिले दोन पुन्हा म्हणालो. मग जिभेला कुठेतरी जायचंच होतं, ती सवयीनं सत्यनारायणाच्या पूजेच्या वळणाला लागली. माझ्या मागे पोस्टातले काका भाबडेपणानं तेच म्हणू लागले. एक लहान मुलगी हसली. तिच्या आईनं तिला गप्प केलं.

तेवढ्यात मागून आवाज आला. अगदी मागून, जिथे चपला काढल्या होत्या तिथून. स्वच्छ, सावकाश, एकही शब्द न अडखळता. सिस्टर म्हणत होत्या. एक ओळ त्यांनी म्हटली, दुसरीला ते भिक्षू त्यांच्यात मिसळले, तिसरीला सगळी ओसरी. पंचशीलाला तर आमचेच लोक वळून वळून मागे पाहत होते. मी हात जोडून बसलो होतो. बसण्याखेरीज काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

संपल्यावर भिक्षूंनी त्यांना पुढे बोलावलं. मी जागा दिली. त्यांनी विचारलं, कुठे शिकलात? मी भाषांतर केलं. तेवढं तरी काम माझ्याकडे राहिलं होतं.

"घरीच," सिस्टर म्हणाल्या. "आईनं शिकवलं. आई नागपूरला होती जी, छप्पन साली. दसऱ्याच्या दिवशी. माझा मोठा भाऊ तिच्या कडेवर होता. चालत गेले होते इथून काही लोक, ती रेल्वेनं गेली, कारण भाऊ लहान."

१४ ऑक्टोबर १९५६. ते भिक्षूंना सांगावं लागलं नाही. उलट त्यांनीच सांगितलं की डॉक्टर आंबेडकर १९५० साली लंकेत आले होते, कँडीला बौद्धांची परिषद होती तेव्हा. मग ते सिस्टरांशी बराच वेळ बोलले. मी मधे बसून इकडचं तिकडे करत होतो. सेवाग्रामच्या दवाखान्यात सिस्टरांनी नोकरी केलेली. तिथल्या जुन्या माणसांकडून त्यांनी धर्मानंदांविषयी ऐकलेलं होतं. आपला अंत्यविधी स्वस्तात स्वस्त व्हावा अशी त्यांची इच्छा होती, हे सिस्टरांनी सांगितलं. ते माझ्या टिपणात नव्हतं.

मी मनात मोजत होतो. चार वर्षं, वर्षाचे बावन्न गुरुवार, सणवार वजा जाता निदान एकशे ऐंशी बैठका. त्यातल्या बऱ्याच बुद्धावर. आमच्यातल्या कुणालाही, एकदाही, दाराजवळच्या बाईला विचारावंसं वाटलं नव्हतं की तुम्हाला यातलं काही येतं का. आणि चहा मात्र आम्ही तिच्याच हातचा पीत होतो, आणि त्यालाही मंडळात "बघा, आम्ही कसं काही मानत नाही" म्हणून मिरवत होतो.

निघताना भिक्षूंनी अभिप्रायाची वही माझ्यापुढे ठेवली. मी नाव लिहिलं, पुढे 'वर्गप्रमुख' लिहिलं. मग ते पहिल्या पानाचं प्रकरण आठवलं आणि 'वर्गप्रमुख' खोडलं. खाडाखोड झाली की बँकेच्या सवयीनं बाजूला सही करावी लागते, तीही केली. ते पान अगदीच विद्रूप झालं. वही सिस्टरांकडे दिली. त्यांनी मराठीत नाव लिहिलं, खाली 'पिपरी मेघे' लिहिलं आणि पेन टोपण लावून परत दिलं.

संध्याकाळी समुद्रावर सगळ्यांनी ग्रहण पाहिलं. चंद्र तांब्यासारखा लाल झाला होता. आजी मोक्ष होईपर्यंत जप करत बसल्या, मग आंघोळ करून पावणेदहाला माझ्या बायकोच्या भाजणीची थालीपिठं खाल्ली. हॉटेलच्या स्वयंपाकघरात ती सिस्टरांनी लावली. आजींनी दोन खाल्ली आणि "तिखट जरा कमी आहे" म्हणाल्या. आजींच्या तोंडून यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक आजवर कुणाला मिळालेलं नाही.

परत आल्यावर गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. प्लास्टरवरून हात फिरवत बराच वेळ छताकडे पाहिलं. "पुस्तक मी वाचत होतो," एवढंच म्हणाले. पुढच्या गुरुवारी त्यांनी सतरंजी स्वतः सरकवली आणि सिस्टरांना पुढे बसायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "पुढे पंखा लागते जी अंगावर, मी इथंच बरी." आणि दाराजवळच बसल्या. तेव्हापासून मंडळाचं तोंड दाराकडे असतं. गुरुजींची पाठ मारुतीकडे होते, त्यावरून आजी कुरकुरतात.

सिस्टरांचे उसने पैसे मी विमानतळाच्या भावानं परत केले. त्यांनी मोजून घेतले. चहाची किटली आता माझ्याकडे आहे. खजिनदाराकडे शिल्लक राहते, तशी. मला अजून पंचशीलातली तिसरी ओळ अडते, आणि अडली की सिस्टर न बघता पुढचा शब्द सांगतात. जूनमध्ये आम्ही चौघे सेवाग्रामला जाऊन आलो. ऊन फार होतं. त्या दिवशी उसाचा रस त्यांनी पाजला.

पोस्टातले काका मात्र अजून भेटले की विचारतात, "ते लंकेच्या चटणीचं लिहून आणलं का बाप्पा? घरी करून पाहिली, पण ती चव येऊन नाई राह्यली. काहीतरी राहून जातं तिच्यात." मी दर वेळी नारळ, मिरची, कांदा आणि लिंबू एवढंच सांगतो. हा लेख छापून आला तर त्यांच्या घरी तो पोचणार नाही, याची व्यवस्था मला करावी लागेल.